डाव्या स्पीकरविरुद्ध तक्रार

ती. दादा यांसी धाकट्या भावाचा दुरूनच नमस्कार.

आपली प्रकृती ठीक असेलच. नसली तरी आपण कळवणार नाही, कारण कळवणं हा आपला स्वभाव नाही. वहिनींचे गुडघे कसे आहेत? (त्यांच्याशी माझं काही वाकडं नाही. हा प्रश्न त्यांना वाचून दाखवावा आणि उत्तर त्यांच्याच हस्ताक्षरात पाठवावं.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. बायकोनं आपल्याला नमस्कार सांगितला आहे, असं चिरंजीव म्हणतो. मी प्रत्यक्ष ऐकलेला नाही.

चौदा महिन्यांनी माझं पत्र आलेलं पाहून आपण पाकीट उजेडासमोर धरून बघाल. मीही तेच केलं असतं. म्हणून आधीच स्पष्ट करतो, की हे पत्र समेटाचं नाही. आई गेली त्या दुपारी, हॉस्पिटलच्या व्हरांड्यातल्या बाकावर मी आपल्याला एकच प्रश्न विचारला होता, की शेवटच्या दिवसांत तिनं माझी आठवण काढली का. मी तेव्हा नोकरीत होतो, दौऱ्यावर, निरोप मिळून पोचायला दीड दिवस उशीर झाला, तिच्याजवळ होतात ते आपण. आपण समोरच्या भिंतीकडे बघत बसलात. ना हो म्हणालात, ना नाही. मी घड्याळ लावून पाच मिनिटं थांबलो आणि उठून चालू लागलो. ते तसंच राहू द्या. हे पत्र निव्वळ तांत्रिक आहे. आपण तीस वर्षं सिनेमागृहात मशीन चालवलंत, पडद्यामागचा कुठला भोंगा आजारी आहे हे आपल्याला जिन्यात उभं राहून कळायचं, आणि मला एका स्पीकरबद्दल जाणकाराचं मत हवं आहे. बाहेरच्या जाणकाराला विचारलं असतं, पण तो स्पीकर विकतही असतो.

तर झालं असं. मी निवृत्त झाल्यापासून चिरंजीवाच्या मनात काहीतरी शिजत होतं. आपल्याला माहीतच आहे, वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर माणसाला समोरचा काटा मारतोय की नाही हे त्याच्या नाकपुड्यांवरून कळतं. गेली दोन वर्षं या घरात सगळेजण हळू बोलतात. मायलेक समोरासमोर बसून नुसते ओठ हलवतात, आणि मी मान वळवली की एकदम मोठ्या आवाजात "आज उकडतंय नाही?" असं सुरू होतं. माझ्या मनात शंकेची पाल तेव्हाच चुकचुकली होती. मग एके रविवारी चिरंजीव येऊन म्हणाला, की बाबा, तुम्हाला शांतपणे सिनेमा बघता यावा म्हणून आपण बोगद्यात होम थिएटर करू. पाच स्पीकर आणि एक धडधडणारा ठोकळा घरात आणायचा आणि त्याला शांतपणे म्हणायचं! कुठेतरी पाणी मुरत होतं. बैठकीतल्या टीव्हीचा आवाज मी फार मोठा ठेवतो अशी त्यांची जुनी तक्रार आहे. म्हणजे हे थिएटर माझ्यासाठी नव्हतं, मला बैठकीतून हलवण्यासाठी होतं, हे मी पहिल्या मिनिटाला ओळखलं. तरी हो म्हटलं. फुकटचा स्पीकर नाकारण्याइतका मी अजून संशयी झालेलो नाही.

बोगदा म्हणजे आमच्या घराच्या कडेची ती खोली, जिथे आपण एकदा राहायला आला होतात आणि सकाळी आडवेच बाहेर आला होतात. लांबी सोळा फूट. रुंदी दाराकडे सहा फूट साडेचार इंच आणि मागच्या भिंतीशी सहा फूट तीन. (मधला दीड इंच गवंड्यानं कुठे नेला, याचा तपास मी तेव्हाच लावायला हवा होता.) समोरासमोर दोन माणसं आली तर एकानं माघार घ्यावी लागते, आणि आमच्या घरात माघार घेणारं कोणी नाही. अशा खोलीत चिरंजीवानं आरामखुर्ची मागवली ती चार फूट रुंद, कळ दाबली की पाय वर येणारी. ती दारातून सरळ येईना. आडवी केली, उभी केली, पाय काढून पाहिले. शेवटी दाराची चौकट काढली, खुर्ची आत घेतली आणि चौकट परत लावली. आता खुर्चीच्या दोन्ही बाजूंना जेमतेम सव्वा सव्वा फूट जागा उरते, आणि ठोकळ्यासाठी कोपरा उरत नाही म्हणून तो माझ्या पायाखाली आहे. सिनेमात दार आपटलं तरी माझ्या पोटऱ्यांना कळतं.

हे सगळं बसवायला जो मिस्त्री आला त्याला मी मनातल्या मनात कुजबुज्या असं नाव ठेवलं आहे. चाळिशीचा, टकलू, नम्र, आणि बोलणं असं की शेजारच्या मुंगीला कळू नये. हळू बोलणाऱ्या मिस्त्र्यावर मी विश्वास ठेवत नाही. ज्याच्या कामात खोट नसते तो मोठ्यानं बोलतो. (आपण म्हणाल, मोठ्यानं बोलणारेही फसवतात. फसवतात, पण निदान साक्षीदार तरी राहतात.) त्यानं एक स्पीकर डाव्या भिंतीवर लावला, एक उजव्या भिंतीवर, दोन समोर टीव्हीच्या आजूबाजूला, एक टीव्हीखाली. मग तीन पायांच्या तिकाटण्यावर एक छोटा माईक बसवून तो बरोबर खुर्चीत, माझं डोकं जिथे येतं तिथे उभा केला. प्रत्येक स्पीकरनं शिट्टी मारली, माईकनं ती ऐकली, आणि मुख्य पेटीच्या पडद्यावर पाची स्पीकर सारखे असा निकाल आला. मी विचारलं, या माईकची तपासणी कोणी केली? शिक्का कुठे आहे? वर्षाचा आहे की जुना? कुजबुज्या बराच वेळ काहीतरी सांगत होता. माझं समाधान झालं नाही. जो माप विकतो तोच माप तपासतो, याला आमच्या खात्यात खटला म्हणतात.

आणि तसंच निघालं. पहिल्याच दिवशी सिनेमा लावला, जंगलाचा होता. उजवीकडून पाखरं अशी किलबिलायला लागली की मी खांदा झटकला. डावीकडे मात्र स्मशानशांतता. म्हणजे अगदीच नाही असं नाही, पण चार घरं पलीकडे कोणाच्या तरी अंगणात पाखरं असावीत इतपत. किलोचे पैसे घेऊन पाव किलो माल. मापात पाप करणारे शेकडो पाहिले, पण आवाजात काटा मारणारा हा पहिलाच. मी रिमोट घेतला आणि डावीकडचा माल पुरा भरेपर्यंत आवाज वाढवत गेलो. तो भरला नाही. दातांचा डॉक्टर मात्र आला.

हा डॉक्टर डाव्या भिंतीपलीकडे आहे. एकाच भिंतीच्या अलीकडे माझी खुर्ची, पलीकडे त्याची. त्याचं म्हणणं असं, की एक बाई तोंड उघडून बसल्या होत्या, त्यानं यंत्र त्यांच्या दाढेपाशी नेलं, आणि त्याच वेळी भिंतीतून हत्तींचा कळप आला. बाई तोंडातल्या कापसासकट रस्त्यापर्यंत गेल्या. मी ऐकून घेतलं, पण तो तीन दिवसांत तीनदा आला, आणि तिन्ही वेळा त्याची नजर टीव्हीकडे होती. तक्रार करायला आलेला माणूस पडद्याचा आकार विचारत नाही. तिसऱ्या वेळी मात्र तो एक वाक्य बोलून गेला आणि माझ्या हातात धागा आला. तो म्हणाला, तुमचा डावा स्पीकरच मला सगळ्यात जास्त ऐकू येतो. आता बघा! माझ्या भिंतीवर, माझ्या कानापासून तीन फुटांवर टांगलेला स्पीकर, तो मला पाव किलो देतो आणि डॉक्टरला पाच किलो.

मी घाई केली नाही. खात्याच्या पद्धतीनं तपास लावला. आपल्याला कदाचित ठाऊक नसेल, तराजू खोटा असेल तर तो कसा पकडायचा. दुकानदार शपथा घेतो, त्या घेऊ द्यायच्या. आपण फक्त पारडी बदलायची. डावीकडचं वजन उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. झुकती बाजू बदलली तर खोट वजनात आहे. दोन्ही वेळा तीच बाजू झुकली तर वजनं बिचारी निर्दोष, खोट दांडीत आहे. साधी गोष्ट आहे, पण तिच्यापुढे भलेभले घाम पुसायला लागलेले मी पाहिले आहेत. कुजबुज्याला बोलावून मी पारडी बदलायला लावली. डावा स्पीकर उजवीकडे, उजवा डावीकडे. काय सांगू, जो डावीकडे मेल्यासारखा पडला होता तो उजवीकडे जाताच खणखणीत बोलू लागला, आणि जो इतके दिवस उजवीकडे गर्जत होता तो डावीकडे येताच मवाळ झाला. म्हणजे स्पीकर निर्दोष. मग तारा बदलल्या. तेच. मग मुख्य पेटीतली भोकं बदलली. तेच. पेटीही निर्दोष. आता दांडी म्हणून उरली एकच गोष्ट, ती भिंत. (बायको तेव्हा दारात उभी राहून "नाचता येईना अंगण वाकडं" असं काहीसं म्हणाली, हे मला चिरंजीवानं मागाहून सांगितलं. असल्या गोष्टी ती नेमक्या हळू आवाजात म्हणते.)

तेव्हा माझा तांत्रिक प्रश्न असा. दातांच्या डॉक्टरला भिंतीत काही यंत्र बसवून शेजाऱ्याच्या स्पीकरमधला आवाज आपल्याकडे ओढून घेता येतो का? येत असेल तर त्या यंत्राला काय म्हणतात आणि ते कुठे शोधायचं? मी पेला लावून भिंत ऐकली आहे. डावा कान लावला तर पलीकडे काही नाही, उजवा लावला तर सगळं दाढांचं ऐकू येतं, म्हणजे यंत्र तो सोयीनं बंद चालू करतो हे उघड आहे. कुजबुज्याला माझं म्हणणं पटलेलं दिसत नाही. त्यानं एक शेवटची चाचणी करून पाहू असं म्हटलं आहे आणि तो उद्या सकाळी येणार आहे. त्याच्यावर नजर ठेवायला मी डॉक्टरलाच बोलावलं आहे, आणि डॉक्टरवर नजर ठेवायला चिरंजीवाला.

उत्तर थोडक्यात आणि मुद्द्यापुरतं द्यावं. बाकी काही लिहू नये. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आपल्याला वर दिलाच आहे.

आपला धाकटा भाऊ

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून परत उघडलं आहे. (त्यामुळे कडेला सुरकुत्या दिसतील. दुसऱ्या कोणी उघडलेलं नाही.) शेवटची चाचणी झाली. कुजबुज्या आला, आणि त्यानं ना तारांना हात लावला, ना पेटीला. माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, आता फक्त खुर्ची उलटी करू. तुम्ही टीव्हीकडे पाठ करून बसा." आता सहा फुटी बोगद्यात चार फुटी खुर्ची फिरते होय! परत चौकट काढली. डॉक्टरनं पुढून धरली, चिरंजीवानं मागून, बैठकीत नेऊन उलटी केली आणि तशीच आत आणली. मी दाराकडे तोंड करून बसलो, तिघं माझ्यासमोर रांगेत उभे राहिले, आणि पाखरं सुरू झाली. ज्या भिंतीवर मी आठवडाभर आरोप ठेवला होता ती आता माझ्या उजवीकडे होती आणि तिच्यातून किलबिलाट नुसता ओतत होता. आणि ती दुसरी, कालपर्यंतची गुणी भिंत, माझ्या डावीकडे येऊन गप्प बसली होती. मी म्हटलं, पुन्हा एकदा. पुन्हा चौकट, पुन्हा बैठक, खुर्ची सरळ. खोट पुन्हा डॉक्टरच्या भिंतीत. आणखी एकदा म्हणायला मी तोंड उघडलं, तेव्हा डॉक्टरची कंबर धरलेली दिसली आणि मी मिटलं. पारडी बदलली, तारा बदलल्या, पेटी बदलली, भिंती बदलल्या, खोट दर वेळी माझ्या डावीकडे. मधे दांडी म्हणून फक्त मी बसलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दादा. बत्तीस वर्षांत एवढा सरळ पकडलेला गुन्हेगार मी पाहिला नव्हता. कुजबुज्या माझ्याकडे न बघता तारा गुंडाळत राहिला, आणि तो माणूस चांगला आहे हे मला तेव्हा कळलं. तांत्रिक प्रश्नाचं उत्तर पाठवू नये. डॉक्टरची मी माफी मागितली आहे आणि रविवारी तो सिनेमा बघायला येणार आहे. (पडद्यावर त्याचा डोळा होता हे मात्र मी बरोबर ओळखलं होतं.)

ता. क. दुसरा. सगळे गेल्यावर बायको बोगद्यात आली. खुर्चीच्या बाजूला सव्वा फूट जागा, त्यात ती जेमतेम मावली. आधी ती सवयीनं डावीकडे उभी राहिली, मग खुर्चीमागून वळसा घालून उजवीकडे आली. मी तिला म्हटलं, दोन वर्षं तू माझ्याशी धड बोलत नाहीस, मला वाटलं तुम्हा दोघांचं काहीतरी चाललंय. ती म्हणाली, "जेवताना मी रोज तुमच्या डावीकडे बसते आणि रोज बोलते. तुम्ही उत्तर देत नाही. मला वाटलं, आता माझं बोलणं तुम्हाला नकोसं झालंय, म्हणून मग कमी केलं." दादा, मी दोन वर्षं तिच्यावर पाळत ठेवली आणि ती बिचारी दोन वर्षं माझ्याशी गप्पा मारत होती. मला फार वाईट वाटलं. इतकं, की मी तिला तसं सांगितलं. गुरुवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचं आहे. तो कानातली यंत्रं विकतोही, तेव्हा माझा त्याच्यावर विश्वास नाही, पण जाणार आहे. ती बरोबर येते आहे.

ता. क. तिसरा. हे पान वेगळं काढून ठेव, वहिनींना वाचून दाखवू नकोस. काल दुपारी मी आमच्या पलंगाच्या कडेवर बसलो आणि हॉस्पिटलचा तो बाक मनात पुन्हा मांडून पाहिला. बाक भिंतीला लागून. माझ्या उजवीकडे जिना, तिथून स्ट्रेचरची चाकं वाजत होती, ती मला अजून ऐकू येतात. म्हणजे तू डावीकडे होतास. तू माझ्याकडे बघितलं नाहीस, कारण बघितलं असतंस तर रडला असतास, हे मला तेव्हाही कळायला हवं होतं, मी तुझा भाऊ आहे. भिंतीकडे बघतच तू जे काही बोलला असशील ते माझ्यापर्यंत पोचलंच नाही, आणि मी घड्याळात पाच मिनिटं मोजून उठलो. तू तर जन्माचा हळू बोलणारा. बायको म्हणते फोन करा. फोन मी नेहमी उजव्या कानाला लावतो, तेव्हा ऐकू येईल, पण तू बोलायला लागलास की मला पुढे ऐकवणार नाही. लिहून कळव. आईनं माझी आठवण काढली असेल तर काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिही. काढली नसेल तर तेही लिही, मी सहन करीन, उशीर माझाच झाला होता. पण त्याच्या आधी, सगळ्यात वर, पहिल्या ओळीत एवढंच लिही, की त्या दिवशी तू मला उत्तर दिलं होतंस. आणि दिलं नसलंस, तरी तसंच लिही. मी तपासणार नाही.